जतला विंडोज टाकायला निघण्यापूर्वी

सांगलीतून जत, आटपाडी नाहीतर शिराळ्याच्या बाजूला कॉम्प्युटरच्या कामाला जायचं असेल तर निम्मं काम आदल्या संध्याकाळीच उरकलेलं असावं. तिकडे पोचल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पाच-सहा जीबीची आयएसओ (विंडोज टाकायची एकत्र फाइल) उतरवत बसलात, तर ती पूर्ण होईपर्यंत पतसंस्थेचा कॅशियर कुलूप लावून घरी गेलेला असतो.

पहिली गोष्ट फोन. मशीन कुठलं, किती जुनं आणि त्यात काय आहे ते विचारून घ्या. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे सगळ्यांना 11 हवंय. पण 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट चालणारं यूईएफआय (मशीन सुरू करणाऱ्या बायोसची नवी जात), 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. रूफस हे पेनड्राइव्ह बनवायचं टूल वापरून या अटी टाळता येतात. तरी जिथे लोकांच्या ठेवींचा हिशेब चालतो तिथे मी तसं करत नाही, कारण पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मशीन बसत नसेल तर फोनवरच सांगावं, फेरी वाचते. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही तेव्हाच विचारा. ‘सगळं डेस्कटॉपवरच आहे’ या उत्तरावर भरवसा ठेवू नका, बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क पिशवीत टाका. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधी हातात हवी. बायोसमध्ये एखादी सेटिंग बदलली की मशीन ती की मागू शकतं, आणि ज्या ईमेलच्या खात्यात ती आहे त्याचा पासवर्ड बहुधा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाकडे असतो.

पेनड्राइव्ह दोन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे, 16 जीबीचे. मायक्रोसॉफ्टचं टूल किमान 8 जीबी मागतं. बूटेबल, म्हणजे मशीन ज्यावरून सुरू होईल असा, करताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला कुणाचा पेनड्राइव्ह उसना घेऊ नका. स्वस्तात मिळणारा ‘एक टीबी’ वाला तर नकोच. त्यात खरी जागा थोडीच असते आणि आकडा खोटा दाखवतात. फाइल कॉपी झालेली दिसते, उघडत नाही. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू हा तपासणीचा प्रोग्राम रात्री लावून ठेवा, ते पूर्ण जागा भरून परत वाचून बघतं.

एक पेनड्राइव्ह रूफसने जीपीटी (डिस्कचे भाग पाडायची नवी पद्धत) आणि यूईएफआयसाठी करा. जुन्या असेंबल पीसीवर यूईएफआय नसतं, तिथे एमबीआर या जुन्या पद्धतीचाच चालतो. म्हणून दुसरा तसा. फॅट32 या पेनड्राइव्हच्या जुन्या फॉरमॅटमध्ये 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही आणि विंडोजची इन्स्टॉल फाइल आता बहुतेक वेळा त्याहून मोठी असते. त्यामुळे नुसत्या फाइल कॉपी करून काम भागत नाही. रूफस तिथे एनटीएफएस हा दुसरा फॉरमॅट वापरून बूटसाठी एक छोटं पार्टिशन जोडून देतो. आयएसओ डाउनलोड झाल्यावर सर्टयुटिल कमांडने तिचा एसएचए256 (फाइल जशीच्या तशी आली का ते कळणारा आकडा) काढून वेबसाइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. मग दुकानातल्या दुसऱ्याच मशीनला लावून भाषा निवडायच्या स्क्रीनपर्यंत बूट करा आणि तिथेच बंद करा. ज्यावर बनवला त्याच मशीनवर तपासण्यात फारसा अर्थ नाही.

इतकं करूनही जागेवर ‘पेनड्राइव्ह घेत नाही’ होतंच. तेव्हा लगेच फॉरमॅट मारायला धावू नका. तो कुठपर्यंत दिसतोय ते आधी बघा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची वायर बऱ्याचदा सैल असते किंवा आत जोडलेलीच नसते, म्हणून मागच्या बाजूला थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा, हब-एक्स्टेंशन काढून. विंडोजमध्ये लावल्यावर आवाज येतो पण ड्राइव्ह दिसत नाही, तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे दिसत असेल आणि फक्त अक्षर नसेल तर अक्षर द्या, संपलं. पार्टिशनच बिघडलं असेल तर विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडमध्ये ‘लिस्ट डिस्क’ करून साइजवरून पेनड्राइव्ह ओळखा आणि मगच ‘क्लीन’ द्या. इथे चुकीचा नंबर टाकला तर संस्थेची हार्ड डिस्क साफ होते, म्हणून ती कमांड देण्यापूर्वी मी कुणाशी बोलतही नाही. ‘नो मीडिया’ दाखवत असेल तर आतली मेमरी किंवा कंट्रोलर गेलाय, त्याच्या नादाला न लागता दुसरा काढा. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावल्यावर विंडोज ‘फॉरमॅट करू का’ विचारतं, तो खराब झालेला नसतो, नाही म्हणा.

विंडोजमध्ये दिसतो पण बूट मेनूत नाही, ही वेगळी भानगड. मशीन चालू होताना बूट मेनूसाठी डेल, लेनोवो आणि गिगाबाइटला एफ12, एचपीला एफ9, एमएसआयला एफ11, असूसच्या लॅपटॉपला एस्केप आणि मदरबोर्डला एफ8. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ12 आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. की दाबायला वेळच मिळत नसेल तर विंडोजमधून शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. शट डाउन करून चालू केलं तर फास्ट स्टार्टअप आडवं येतं, त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही. बायोसमधलं फास्ट बूटही बंद करा, काही मशीनवर ते यूएसबी तपासतच नाही. एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर यूईएफआय लिहिलेला घ्या.

सेटअप सुरू झाला पण त्यात एसएसडीच नाही, असं इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर होतं. व्हीएमडीचा (एसएसडी हाताळणाऱ्या इंटेलच्या सोयीचा) ड्रायव्हर लागतो, आणि तो उघडून फोल्डरच्या रूपात पेनड्राइव्हवर हवा. ईएक्सई सेटअपला चालत नाही. त्याच्याच शेजारी लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर ठेवा. वायरचा कीबोर्ड, बायोससाठी सीआर2032 सेल आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत असतोच. यूपीएसच्या बॅटरीची चौकशी करायला विसरू नका, फाइल कॉपी होत असताना लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून.

आणि पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्या. बूट ऑर्डरमध्ये तो वर राहिला तर सेटअप परत भाषा विचारायला लागतो.