चाळीच्या एकांकिकेचं लाइव्ह लावण्याआधी

गेल्या गणपतीत गिरगावातल्या आमच्या चाळीच्या एकांकिकेचं लाइव्ह मी लावलं होतं आणि ते साफ आपटलं. न्यू जर्सीचा मामा म्हणाला, एकदम झकास. चाळीतल्या वायफायवरही झकासच दिसत होतं. आणि पाचव्या मिनिटाला गुहागरकडून आत्याचा फोन : "अरे बाळ्या, तो गोल गोल फिरतोय तो कोण? नाटकातलाच आहे का?" यंदा हे काम दोन नव्या पोरांच्या गळ्यात पडलंय. त्यांना तोंडी सांगून झालं, आता लिहून ठेवतो.

कॅमेरा, ट्रायपॉड, एक्स्टेंशन बोर्ड यांचं काही सांगत नाही. लेखकाची लेखी परवानगी घ्या. यूट्यूबवर टाकणार असाल तर कमी-जास्त वेगाच्या आवृत्त्या तिकडे आपोआप तयार होतात. तुम्ही दर दोन सेकंदांना कीफ्रेम (म्हणजे काय, ते खाली सांगतो) असलेला एकच स्वच्छ प्रवाह पाठवा आणि या टिपणातलं अर्धं सोडून द्या. आमच्या मंडळाला मात्र ते फक्त सभासदांपुरतं हवं होतं, म्हणून भाड्याचा सर्व्हर घेऊन एचएलएसचा, म्हणजे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवायच्या पद्धतीचा, सगळा खटाटोप आपल्याच डोक्यावर.

मुळात करायचं काय, तर एकाच नाटकाच्या चार-पाच वजनांच्या, म्हणजे कमी-जास्त डेटा खाणाऱ्या, आवृत्त्या (यांनाच पुढे पायऱ्या म्हणतो) एकाच वेळी तयार ठेवायच्या, त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडायचे, आणि कोणता तुकडा उचलायचा हे बघणाऱ्याच्या फोनवर सोडायचं. मॅकॅन, जेकबसन आणि व्हेटरली या संशोधकांनी १९९६ साली हाच विचार मांडला होता, की पाठवणाऱ्याने सगळ्यांसाठी एक वेग ठरवू नये, घेणाऱ्याने आपल्याला झेपेल तेवढं घ्यावं. त्यांच्याकडे एकावर एक चढणारे थर होते, आपल्याकडे प्रत्येक पायरी स्वतंत्र आणि पूर्ण असते.

पायऱ्या अशा ठेवा : ७२०पी (म्हणजे चित्राच्या ७२० आडव्या ओळी) ला २४०० केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट), ५४०पी ला १२००, ३६०पी ला ६००, २४०पी ला ३००, आणि शेवटी फक्त आवाज. दोन पायऱ्यांमध्ये दीडपट ते दुप्पट अंतर पुरतं. त्याहून जवळ ठेवल्या तर प्लेअर उगाच वर-खाली नाचतो, लांब ठेवल्या तर मधले लोक विनाकारण तळाला जातात. १०८०पी हवंच असा हट्ट कमिटीतलं कोणीतरी धरेल. धरू द्या.

आता कीफ्रेम. इथे मी मेलो, म्हणून इथे थांबून वाचा.

कीफ्रेम म्हणजे ज्या फ्रेममध्ये पूर्ण चित्र असतं. बाकीच्या फ्रेममध्ये आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे तुकडा कीफ्रेमवरच कापता येतो, आणि एका पायरीवरून दुसरीवर उडीही तिथेच मारता येते. मी ओबीएसमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून चित्र पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कीफ्रेमचा अवधी २ सेकंद केला, स्वतःची पाठ थोपटली आणि वडापाव खायला गेलो. पण ओबीएसमधून निघालेलं चित्र सर्व्हरवर एफएफएमपेग हा प्रोग्रॅम पुन्हा एन्कोड करतो, म्हणजे नव्याने दाबून लहान करतो, आणि पुन्हा एन्कोड करताना ओबीएसचे कीफ्रेम उरत नाहीत. सर्व्हरवर मी काहीच सांगितलं नव्हतं. मग त्यातल्या एक्स२६४ या एन्कोडरने आपला मूळचा आकडा धरला, जास्तीत जास्त २५० फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे १० सेकंद. तुकडे ४ सेकंदांचे मागितले होते, ते दहा-दहा सेकंदांचे झाले.

याचा हिशेब बघा. २४०० च्या पायरीचा १० सेकंदांचा तुकडा म्हणजे साधारण ३ एमबी. आत्याचं नेट मध्येच अर्ध्या एमबीपीएसवर घसरलं तर तो उतरायला ४८ सेकंद लागतात. ४ सेकंदांचा असता तर १९. शिवाय प्लेअर थेट प्रक्षेपणात साधारण तीन तुकडे मागे राहतो, म्हणजे इकडे टाळ्या पडल्यावर अर्ध्या मिनिटाने तिकडे विनोद पोचतो.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. एक्स२६४ ला दृश्य बदललंसं वाटलं की ते मध्येच जादा कीफ्रेम टाकतं. आमचे कॅमेरे दोन, रंगमंचावर चार वेळा अंधार. ७२०पी ला एका जागी दृश्य बदललंसं वाटलं, २४०पी ला वाटलंच नाही, आणि तिथून दोन्ही पायऱ्यांचे तुकडे एकमेकांशी जुळेनात. प्लेअर खाली उतरला की एक तर संवाद दोनदा ऐकू यायचा किंवा चित्र गोठायचं. ज्याचं नेट चांगलं तो पायरी बदलतच नाही, म्हणून मामाला काही दिसलं नाही आणि मलाही.

तेव्हा सर्व्हरवरच्या कमांडमध्ये, प्रत्येक पायरीला, कीफ्रेम दर ५० फ्रेमला, कमीत कमीही ५० आणि जास्तीत जास्तही ५०, आणि दृश्य बदलल्यावर जादा कीफ्रेम टाकणं बंद. प्रत्येक पायरीला म्हटलंय, फक्त पहिल्या नाही. वरची पायरी ओबीएसकडून आली तशीच पुढे ढकलायचा मोह होतो, प्रोसेसर वाचतो म्हणून. नको. सगळ्या पायऱ्या एकाच कमांडमधून काढा. मग एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबतचं तपासणीचं साधन) प्रत्येक पायरीच्या कीफ्रेमच्या वेळा काढून शेजारी शेजारी ठेवा : ०, २, ४, ६, सगळीकडे सारख्याच. एका ठिकाणी जरी ७.३ दिसला तरी पुन्हा कमांड उघडा.

फ्रेम सेकंदाला २५ च ठेवा, ३० नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, मांडवातल्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/५० वर हवं, नाहीतर चित्रात पट्टे सरकतात, आणि दर फ्रेमला सगळं बदललंय असं समजून एन्कोडर अर्धा बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारा डेटा, त्या पट्ट्यांवर उडवतो.

कमांडमध्ये मॅक्सरेट आणि बफरसाइज, म्हणजे बिटरेटला लगाम घालणारे आकडे, दोन्ही लिहा. नुसतं क्वालिटीवर सोडलं तर दोन माणसं बोलतायत तोवर ४००, आणि कोळी नाच सुरू झाला की थेट ३०००. मास्टर प्लेलिस्टमध्ये, म्हणजे सगळ्या पायऱ्यांच्या यादीत, पायरीसमोर जो बँडविड्थचा आकडा असतो तो सर्वात जड तुकड्याचा लिहायचा, सरासरी नव्हे. सरासरी लिहिली की प्लेअर आपल्याला झेपेल असं समजून वर चढतो आणि नेमका नाचात आपटतो. यादीत ६०० ची पायरी सर्वात वर ठेवा. आयफोनचा स्वतःचा प्लेअर पहिल्या नावापासून सुरू करतो, आणि पहिल्याच सेकंदाला २४०० मागितले तर गावाकडचा माणूस नांदीपर्यंतही टिकत नाही.

आवाज मोनो, ४८ केबीपीएस, सगळ्या पायऱ्यांना तोच, म्हणजे पायरी बदलताना टिचकी ऐकू येत नाही. नांदी जरा पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखी वाटते, चालेल. नाटकात चित्र अंधुक झालं तरी लोक बसून राहतात, वाक्य तुटलं की उठतात.

डेटा पॅकचा विचार मी केलाच नव्हता. २४०० च्या वेगाने तासाला जवळपास १.१ जीबी जातो. एकांकिका, मग भाषणं, मग बक्षिसं, असे दोन तास धरले तर दिवसाला दीड जीबीवाला पॅक बक्षिसांआधीच संपतो. प्लेअर नेटचा वेग मोजतो, पॅक मोजत नाही. भरपूर रेंज असेल तर तो खुशाल वरच्या पायरीवर बसून पॅक खातो. म्हणून 'कमी डेटा' असं मोठ्या अक्षरांत बटण द्या, मराठीत. माझ्या पॅकमध्ये कोटा संपला की वेग ६४ वर येतो, आणि त्यात ४८ चा आवाज कसाबसा बसतो. शेवटची पायरी त्यासाठीच आहे.

अपलोड तारेने करा. विसर्जनाच्या आठवड्यात गिरगावात मोबाइलच्या टॉवरवर भरवसा ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. अपलोडचा वेग प्रयोगाच्याच वेळी, रात्री आठला मोजा, दुपारी नाही, आणि पाठवणार त्याच्या दुप्पट तरी असू द्या. सर्व्हरमधून बाहेर जाणाराही मोजा : २०० जण सरासरी १२०० वर बसले तर २४० एमबीपीएस. मध्ये सीडीएन (तुकडे साठवून पुढे वाटणारे सर्व्हर) लावलं असेल तर तुकडे कितीही वेळ साठवू द्या, पण चालू प्रयोगाच्या तुकड्यांची यादी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त नको. शिळी यादी मिळाली की पुन्हा तो गोल.

चाचणी मुद्दाम वाईट नेटवर करा. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून चालू प्रवाहातच वेग ४०० वर आणा, दोन मिनिटांनी सोडा, परत आणा. असं दहा वेळा. मग एकाने फोन घेऊन संध्याकाळी साडेसहाची विरार फास्ट पकडावी आणि बोरिवलीपर्यंत बघत जावं. चित्र मळकट झालं तर उत्तम, पायऱ्या चालतायत. थांबलं किंवा वाक्य परत ऐकू आलं तर कीफ्रेम. चाचणीनंतर कमांडमध्ये काही बदललंत, नुसता बिटरेट जरी बदललात, तरी कीफ्रेमच्या वेळा परत काढून बघा.

त्या दिवशी : राउटर यूपीएसवर, लॅपटॉपचे अपडेट बंद, रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर, पासवर्ड कागदावर. पडदा उघडायच्या अर्धा तास आधी गणपतीची मूर्ती दाखवत प्रवाह सुरू करा आणि आत्याला फोन लावा. मामाला लावू नका, तो झकासच म्हणेल. तिच्याकडे गोल फिरत असेल तर राउटरला हात न लावता आधी सर्व्हरची कमांड उघडा आणि कीफ्रेमची ओळ बघा. ५० तिथेच आहे.