थंडीत केळीचं ठिबक बंद ठेवू नका

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या केळी पट्ट्यात पारा 10 अंशांच्या खाली उतरायला लागला की बागेत एकच चूक दिसते. थंडीत झाडाला पाणी कमी लागतं म्हणून ठिबक चार-चार दिवस बंद राहतं. पाण्याची गरज कमी होते हे खरं आहे, पण कोरडी जमीन रात्री लवकर गार पडते. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि पहाटे ती बागेला देते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं.

म्हणून पाणी वाढवू नका, फक्त वेळ बदला. झाडाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर असतील तर एक ते सव्वा तासात 8 ते 10 लिटर पाणी मिळतं. हे पाणी पहाटे 2 ते 5 च्या दरम्यान द्या. मोटरला लागणाऱ्या थ्री फेज विजेची पाळी दिवसाची असेल तर सूर्य मावळण्याआधी शेवटच्या तासात द्या, रात्र पडताना जमीन ओली हवी. शेततळ्याचं पाणी वरच्या थरात गार झालेलं असतं. विहीर असेल तर रात्री तीच वापरा. भारी काळ्या जमिनीत वेळ अर्ध्यावर आणा, नाहीतर कंद सडतो. बोटभर खोल माती उकरून मुठीत दाबा : गोळा झाला आणि टिचकीने फुटला तर ओल बरोबर आहे.

कांदेबागेची, म्हणजे ऑक्टोबरची लागण अजून लहान आहे. तिथे नवं पान येणं थांबतं, पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) बारीक आणि पिवळट राहतो. जूनची टिश्यूकल्चरची मृगबाग याच दिवसांत निसवायला (घड बाहेर पडायला) येते आणि खरं नुकसान तिथे होतं. वरची पानं जवळजवळ येऊन गच्च होतात, गळ्यात जागा राहत नाही, घड अर्धवट बाहेर येऊन अडकतो. फळाची साल नखाने खरवडून पाहा, आत तपकिरी रेषा दिसल्या तर थंडी फळाला लागली. असा माल पिकल्यावर काळपट दिसतो आणि व्यापारी भाव पाडतो. एकदा लागलेली थंडी कोणत्याही फवारणीने निघत नाही.

दुकानात या दिवसांत 'थंडीचं टॉनिक' म्हणून ह्युमिक, अमिनो, समुद्री शेवाळ हातात दिलं जातं. मुळंच मंद पडलेली असताना ड्रेंचिंगवर (औषध मुळाशी ओतण्यावर) खर्च का करायचा? तोच पैसा निंबोळी पेंडीत घाला : झाडाला 250 ग्रॅम, बुंध्याभोवती मातीत मिसळून.

घडासाठी : शेवटची फणी उघडली की कमळ (घडाच्या टोकाचं केळफूल) तोडा. मग 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, 100 ग्रॅम युरिया आणि स्टिकर (चिकटद्रव) घालून घडावर फवारा. 15 दिवसांनी पुन्हा. फवारा सुकल्यावर 100 गेज जाडीची, बारीक छिद्रांची पांढरी प्लास्टिक पिशवी घाला. खालचं तोंड उघडं ठेवा, आत दमट राहिलं तर फळावर डाग पडतात.

बाकीची कामं :
– करप्याची (पानांवरच्या बुरशीच्या रोगाची) पानं कापून बागेबाहेर नेऊन जाळा.
– करपा वाढत असेल तर 10 लिटर पाण्यात प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक 10 मिली आणि मिनरल ऑइल 100 मिली घालून फवारा.
– पिलं (बुंध्याशेजारी फुटलेले कोंब) जमिनीलगत कापा.
– तण काढा, बुंध्याला माती लावा.
– निसवलेल्या झाडांना आधार द्या.

सातपुड्याकडून येणारा वारा उत्तरेच्या बांधावरून थेट बागेत शिरतो. तिथे शेवरी किंवा गजराज गवत नसेल तर आत्ता जुनी शेडनेट नाहीतर ज्वारीचा कडबा उभा करा, किमान माणसाच्या उंचीचा. वारा पडलेल्या रात्री पहाटे ओला पालापाचोळा धुमसत ठेवा. धूर बागेवर बसला पाहिजे, जाळ नको. वारा असेल तर हे करू नका, धूर उडून जातो आणि कोरडी पानं पेटू शकतात.

मोबाईलवरचं तापमान गावाचं असतं. नाल्याकाठच्या, सखल तुकड्यात पारा एक-दोन अंशांनी खाली असतो असा आपला अंदाज आहे, त्यामुळे तिथून सुरुवात करा. साधा थर्मामीटर झाडाच्या सावलीत गुडघ्याइतक्या उंचीवर टांगा आणि रात्री 11 ला बघा. पारा 12 अंशांच्या खाली असेल तर पहाटे मोटर लावायचीच.

विम्याला मात्र हा थर्मामीटर चालत नाही. हवामान आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळाच्या हवामान केंद्राची नोंद धरतात. तुमचं मंडळ कोणत्या केंद्राला जोडलंय आणि यंदाचा किमान तापमानाचा निकष काय, हे गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा कृषी सहायक) थंडीच्या लाटेआधीच विचारून घ्या.