हवाई तळाच्या प्रतिकृतीसाठी सामान

आधी पाच फुटी फळी आणा, विमानं नंतर. गेल्या वर्षी नवी पेठेतून प्लॅस्टिकची विमानं आली आणि तळ राहिला बाजूला, टेबलावर खेळण्यांचं दुकान लागलं. यंदा १९७१ च्या युद्धाच्या विजय दिवसासाठी तळ माप धरून करू. एका सेंटिमीटरला वीस मीटर धरले, की तीन किलोमीटरची धावपट्टी बरोबर दीड मीटर होते. या हिशेबात मिग-२१ पाऊण सेंटिमीटरचं, शेंगदाण्याहूनही बारीक. म्हणून चटणीच्या डब्याशेजारचे बारकेच दाणे निवडा, राखाडी रंगवा. बॉम्बचा खड्डा ज्वारीच्या दाण्याएवढा टोकरा. म्हणजे आठेक मीटरचा झाला. बघणाऱ्याला तो शोधावा लागेल, लागू दे. तेवढ्या खड्ड्यानं विमानाचं उड्डाण अडतं, म्हणून तर शत्रू धावपट्टीवर टपलेला असतो.

दाणे रांगेत मांडू नका. ६ सप्टेंबर १९६५ ला पठाणकोटच्या हवाई तळावर उघड्यावर उभी असलेली आपली विमानं पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानांनी जाळली. पुढे तळांवर विमानांसाठी भक्कम आडोसे बांधले गेले, त्यामुळे ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळचे हल्ले थोडक्यात निभावले. प्रत्येक दाण्यावर शेंगेचं अर्धं टरफल उपडं घाला, वर माती लिंपा. टरफलं एकमेकांपासून लांब.

सोलापूर म्हणून खाली हिरवी चादर अंथरायचा मोह होईल. नको.

जास्त वेळ गुजरातमधल्या भूजच्या तळासाठी ठेवा. डिसेंबर १९७१ मध्ये तिथली धावपट्टी बॉम्बनी उखडली. तळाची जबाबदारी स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिकांकडे होती. शेजारच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी धावपट्टी ७२ तासांत दुरुस्त केली. अंगावर हिरव्या साड्या. भोंगा वाजला की झुडपात, थांबला की परत घमेलं डोक्यावर. वरून दिसू नये म्हणून पट्टीवर शेण सारवलं होतं. तेव्हा शेण लागेलच, पोरांनी नाक मुरडलं तरी. काड्या-खडे काढून पातळ कालवा. जाड थापलं की वाळताना भेगा पडतात. सारवण एखाद्या आजीकडून हात धरून शिका, व्हिडिओ बघून जमत नाही. विजय दिवस १६ डिसेंबरला, म्हणजे १४ ला सारवून झालेलं हवं.

राहिल्या बायका. या मापात माणूस खसखशीएवढा. हिरवा रंग, बारीक चिमटा आणि डिंक जवळ घ्या. चिमूटभर भुरभुरवू नका, तीनशे मोजून लावा.