किनारा वाचवायला निघालात? मग या चुका टाळा

पावसाळा जवळ आला की मला फोन सुरू होतात. कुठल्या ग्रामपंचायतीला धूपप्रतिबंधक बंधारा हवा असतो, कुठल्या कॉलेजच्या एनएसएसला कांदळवन (खारफुटीचं रान) लावायचं असतं, तर कुठल्या कंपनीला पर्यावरण दिनाचे फोटो हवे असतात. प्रश्न ठरलेले: रोपं किती लागतील, दगड किती ब्रास लागेल. पाणी कुठून येतं आणि वाळू कुठे जाते, हे विचारणारा फोन क्वचित येतो.

सरकार काहीच करत नाही, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. खारफुटी तोडणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आणि जमीन कोणाच्याही मालकीची असो, खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं. २०२३ मध्ये केंद्राची ‘मिष्टी’ योजना आली, नऊ राज्यं आणि चार केंद्रशासित प्रदेशांत मिळून सुमारे ५४० चौरस किलोमीटरवर खारफुटी उभी करण्यासाठी. कायदा आहे, योजना आहे. घोळ होतो तो गावच्या खाजणात (खाडीकाठच्या खारट चिखलात) आणि पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर), आणि तो दरवर्षी तोच असतो.

उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या) ओहोटीला उघडा पडलेला चिखल म्हणजे लागवडीची जागा, असं समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे. रायगडातल्या एका खाडीवर एका संस्थेने मोठा कार्यक्रम ठेवला होता. दिवस वटपौर्णिमेचा, वेळ सकाळी दहाची. बसेस आल्या, टोप्या वाटल्या, बॅनर लागला; लावलेल्या रोपांचा हजारांतला आकडा बॅनरवर आधीच छापलेला. समोर मात्र खाडी काठोकाठ भरलेली. पौर्णिमेला आपल्याकडे दुपारच्या सुमाराला भरती असते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण विचारलं कोणी? बायका वडाला गेलेल्या, पुरुष कामावर.

मग भाषणं लांबवली, जेवणं झाली. दुपारनंतर पाणी उतरायला लागलं आणि उधाणाची ओहोटी असल्याने चारनंतर लांबपर्यंत उतरलं. नेहमी पाण्याखाली असणारा चिखलही उघडा पडला. एवढी मोकळी जागा बघून मंडळी खूश. दिवसभर ताटकळलेली शंभरेक माणसं गुडघाभर चिखलात उतरली आणि कांदळाच्या (खारफुटीच्या एका जातीच्या) शेंगा खोचत सुटली. काहींनी त्या उलट्या खोचल्या. निमुळतं टोक खाली जातं, तिथून मुळं फुटतात; पण कोणाला तरी ‘हिरवं टोक वर चांगलं दिसतं’ असं वाटलं, आणि त्याचं बघून रांगच्या रांग तशी लागली. शिंपल्या वेचून परतणारी एक काकी हे बघत उभी होती. म्हणाली, “भाऊ, हितं पाणी उतरतंय कुठं? उधाणाला तेवढं घडीभर उघडं पडतं. आठ दिवसांनी बघा.”

आठ दिवसांनी भांगाची भरती-ओहोटी सुरू झाली. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्यामुळे तो सगळा पट्टा दिवसेंदिवस पाण्याखालीच राहिला. दिवाळीनंतर तिथे उरल्या होत्या आधाराला लावलेल्या बांबूच्या काठ्या, त्यावर बार्नेकलच्या खडबडीत पांढऱ्या कवचांचा थर. आणि काकीच्या शिंपल्यांची जागा तुडवली गेली ती वेगळीच. संस्थेचा अहवाल तोवर छापूनही झाला होता.

खारफुटी भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या साधारण वरच्या अर्ध्या भागात जगते. तिच्या मुळांना रोज हवा लागते. खालचा उघडा चिखल ‘रिकामा’ नसतो. तिथे शिंपल्या, निवट्या, खेकडे आणि थंडीत येणारे पाणपक्षी जगतात. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत असे चिखलपट्टे खारफुटीच्याच रांगेत, म्हणजे सर्वाधिक संरक्षित गटात आहेत. तिथे खारफुटी लावणं हे पुण्यकर्म नव्हे.

माझी पद्धत अगदी गावठी आहे. पंचांग हातात घ्यायचं. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजता भरती, मग सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. जागा बघायला मी अमावास्या-पौर्णिमेला जातो आणि एकदा अष्टमीच्या सुमारालाही जातो. भांगाच्या ओहोटीलाही जिथला चिखल उघडा पडतो, त्याच्या वरच लावतो. लावायचं तेही भांगात, म्हणजे रोप जरा रुजेपर्यंत त्याच्यावर उधाणाचा मारा येत नाही. त्याहून सोपी खूण म्हणजे आपोआप उगवलेली तिवराची (खारफुटीच्याच दुसऱ्या एका जातीची) बाळरोपं कुठे आहेत ते बघणं. जिथे एकही नाही, तिथे का नाही याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी शेंग खोचत नाही.

हे सांगितलं की उत्साही मंडळींचा चेहरा पडतो. “पण आमच्याकडे शनिवारचीच सुट्टी आहे.” मग शनिवारी किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचला.

सगळीकडे कांदळच

कांदळाची शेंग हातात मावते, खोचायला सोपी, फोटोत छान दिसते, म्हणून सगळीकडे तीच. खाडीच्या आडोशाच्या, मऊ चिखलाच्या काठाला ती ठीक. वरच्या, जास्त खारट, तापणाऱ्या जमिनीत तिवर टिकतं. पांढरी चिप्पी २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष झाली. तिची रोपवाटिका करायला चिकाटी लागते, म्हणून ती कोणी मागत नाही.

पाणी अडलेलं असताना रोपं लावणं

खाडीकाठची खारफुटी वाळली की लगेच ‘वृक्षारोपण’ सुचतं. आधी वर चालत जा. नव्वद टक्के वेळा रस्त्याच्या भरावाखालची मोरी बुजलेली असते किंवा रात्रीतून कोणीतरी राडारोडा ओतलेला असतो. भरतीचं पाणी आत येत नाही किंवा आलेलं बाहेर जात नाही. जमीन मिठाने पांढरी पडते. तिथे लावलेलं नवं रोप जुन्याच्या वाटेनेच जाणार.

तमिळनाडूत पिचावरमला मुळात हेच निदान झालं. झाडं तोडून खोलगट झालेल्या जागेत पाणी साचून खारट व्हायचं. तिथे चर खणून भरतीला वाट करून दिली, मग लागवड केली, आणि उजाड पट्टे पुन्हा हिरवे झाले. आपल्याकडे तर पावसाळ्यात तिवराच्या बिया पाण्यावर तरंगत फुकट येतात. मोरी मोकळी केली आणि दोन पावसाळे गप्प बसलं, तर बहुतेक ठिकाणी काही लावावंच लागत नाही. पण मोरी साफ करण्याच्या कार्यक्रमाला पाहुणे मिळत नाहीत.

श्रावणातली पुळण बघून बंधाऱ्याचा अर्ज करणं

ही माझी दुसरी नावडती चूक, आणि हिचा खर्च कोटींत जातो.

किनारा धुपतोय हे खरं आहे. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या काळाच्या अभ्यासात देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा धुपताना दिसला, महाराष्ट्राचा सुमारे पाव. म्हणजे उरलेला स्थिर आहे किंवा वाढतो आहे. आपला कशात मोडतो हे न बघताच ठराव होतात, आणि ते बहुधा पावसाळ्यात होतात.

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर लाटा वाळू ओढून नेतात. ती फार लांब जात नाही. समोरच पाण्याखाली दांडा करून पडून राहते. पाऊस ओसरला की शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. मे महिन्यात रुंद दिसणारी पुळण ऑगस्टमध्ये निम्मी होणं हा आजार नाही. एकाच जागेवरून, एकाच तिथीला, काही वर्षं फोटो काढून ठेवा. शेजारच्या नारळाचा बुंधा खूण म्हणून पुरतो. मे महिन्याची पुळणही दरवर्षी अरुंद होत असेल, तर मात्र खरंच काहीतरी चुकलंय.

सिंधुदुर्गातल्या एका वाडीत असाच एका वाईट पावसाळ्यानंतर बंधारा झाला. ट्रकने काळा दगड आणून पुळणीवर ओतला. खाली माती अडवणारं जिओटेक्स्टाईलचं कापड नाही, बारीक दगडाचा थर नाही, पायथा खणलेला नाही. पहिल्या वर्षी सगळे समाधानी. दुसऱ्या पावसाळ्यात दगडांमधून मागची माती धुऊन निघाली आणि बंधारा मधोमध बसला. समोरची पुळण तर गेलीच. लाट वाळूच्या उतारावर चढते तेव्हा तिचा जोर संपतो. दगडावर आपटते तेव्हा ती पायथ्याची वाळू उकरून परत जाते. बंधारा संपला तिथे पुढच्या वाडीची माडाची रांग कोसळायला लागली, आणि दोन वाड्यांमध्ये बोलणं बंद झालं. मग पुढच्या वाडीनेही बंधारा मागितला. एक म्हातारे रापणकर (किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणारे मासेमार) दगडांकडे बघत मला म्हणाले, “आता रापण ओढूची खंय, दगडार?” रापणीला मोकळी पुळण लागते, होड्या वर घ्यायला लागते, मासळी सुकवायला लागते. अंदाजपत्रकात यातलं काहीही नव्हतं.

बंधारा नकोच, असं मी म्हणत नाही. समुद्र घराच्या पडवीला लागला असेल तर दगड टाकावेच लागतात, आणि तिथे कोणी खारफुटीचं प्रवचन देऊ नये. पण मग नीट बांधा: गाळणीचा थर, वाळूत खोल गेलेला पायथा, टोकं जमिनीकडे वळवलेली आणि होड्यांना वाट. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या बंधाऱ्याची पडझड वर्षानुवर्षं बातम्यांत येते आहे, तरी स्वस्तातल्या सुट्या दगडाचा मोह सुटत नाही. शिवाय वाळू मुळात कुठे अडली आहे तेही बघा. पुदुच्चेरीत बंदराच्या लाटारोधक भिंतींनी दक्षिणेकडून उत्तरेला सरकणारी वाळू अडवली आणि शहरापुढची पुळण नाहीशी झाली. त्यावर दगडांची रांग हा उपाय नव्हता. पुढे पाण्याखाली कृत्रिम प्रवाळभित्तीसारखा बांध घातला, तेव्हा २०१८ च्या सुमाराला थोडी पुळण परत आली.

महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवा.

सुरूच्या झाडांवर आंधळा विश्वास

सुरू भराभर वाढतो म्हणून सगळ्यांना आवडतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा किती सुरू आडवे झाले ते त्या पट्ट्यात कोणालाही विचारा. वाळू धरून ठेवते ती मर्यादवेल, तिच्यामागे केवडा, त्यामागे उंडी आणि करंज. दिसायला रानटी, म्हणून सुशोभीकरणवाले आधी तेच साफ करतात, वाळूचे उंचवटे सपाट करतात आणि वर पेव्हर ब्लॉक बसवतात. कासवं जिथे अंडी घालतात तिथे तर सुरूची दाट रांग आणि दिव्याचे खांब दोन्ही नकोत.

खारबांधाची खांड ‘पुढच्या वर्षी’ भरणं

खारबांध म्हणजे भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध, आणि तो फुटून पडलेली वाट म्हणजे खांड. रायगडच्या खारेपाटात हे इतकं घडलंय की सांगतानाही कंटाळा येतो. खेकड्यांनी बिळं पाडलेली असतात, उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप कुजलेली असते, एका उधाणाला बांध फुटतो. पूर्वी गावकी जमून खांड लगेच बांधायची. आता अर्ज जातो, निधी येईपर्यंत दोन-तीन पावसाळे उलटतात, भातशेतीत खारं पाणी खेळतं आणि तिवर उगवतं. एकदा ते वाढलं की कायद्याने ती खारफुटी आहे. सातबारा तुमच्या नावावर असला तरी कोयता लावता येत नाही. मग शेतकरी खारफुटीला शिव्या देतो आणि पर्यावरणवाले शेतकऱ्याला. दोघांनी मिळून त्या झडपेला शिव्या द्यायला हव्या होत्या. उन्हाळ्यात बांधावरून एकदा चालत जा, बिळं बुजवा, झडप बदला.

आणखी काही, थोडक्यात

काळ्या पिशवीसकट रोप लावू नका. हे लिहावं लागतं, याचंच दुःख आहे.

म्हशी आणि शेळ्या तिवराचा पाला आवडीने खातात. गुराख्याशी बोलल्याशिवाय लागवड करू नका. कुंपणाचे पैसे वाचतात.

वाळूउपसा चालू असलेल्या खाडीच्या तोंडावर किनारा वाचवण्याचा कार्यक्रम करायचा असेल, तर आधी रात्रीचे डंपर मोजा.

राखीव कांदळवनात वनविभागाला न विचारता शिरू नका, हेतू कितीही चांगला असला तरी.

आणि अंदाजपत्रकात पहिल्या वर्षाचे सगळे पैसे रोपांवर आणि मांडवावर उडवू नका. निम्मे तरी नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला ठेवा. पुढच्या भाद्रपदात, पितृपक्षातल्या उधाणानंतर, किती रोपं जगली ते बघायला कोण जाणार त्याचं नाव आत्ताच ठरावात लिहा. मी फोनवर हे विचारतो तेव्हा पलीकडे बहुधा शांतता असते, आणि मग, “सर, ते आम्ही कळवतो.”