कोकणातल्या गाडीचा सांगाडा गंजण्यापासून कसा वाचवावा

अलिबाग, गुहागर, मालवण अशा किनाऱ्यालगतच्या गावांत वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीखाली वाकून पाहिलं, तर सस्पेन्शनच्या लोखंडाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरेशी असते; मिठामुळे ते फार लवकर गंजतं. शिवाय हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांपुढे गेली, की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असली तरी तिच्याखालचा खारा थर ओलाच राहतो. म्हणून गाडीखाली मारायच्या काळ्या कोटिंगवर पैसे घालण्याआधी धुणं आणि वाळवणं नीट करा. ओल्या किंवा गंजलेल्या लोखंडावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडून ठेवतं, आणि वरून सगळं ठीक दिसत असताना आतून पत्रा खाल्ला जातो.

हे काम एप्रिल-मे महिन्यांत काढा. पाऊस सुरू झाला की लोखंड मनासारखं वाळत नाही.

आधी धुणं. वॉशिंग सेंटरवर गाडी लिफ्टवर चढवून खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. चाकांच्या वरच्या पोकळ्या, मागचा अ‍ॅक्सल, स्प्रिंग ज्या वाटीत बसते ती वाटी, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) फटी, इथली लाल माती हातानं खरवडून काढायला सांगा. नुसत्या फवाऱ्यानं ती निघत नाही. दाबाचा फवारा वायरींच्या जोडांवर आणि बेअरिंगच्या सीलवर रोखू नका. दारांखालच्या पट्ट्यांना पाणी निथळण्यासाठी बारीक भोकं असतात. ती तारेनं मोकळी करा. मग गाडी थोडी फिरवून आणा आणि निदान एक कोरडा दिवस उन्हात ठेवा.

मग तपासणी. घरी काम करणार असाल तर गाडी सपाट जागी लावा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड लावा आणि गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. हातात टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घ्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा: पक्कं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. तिथे टोक दाबून पाहा. वरवरची तांबूस झाक असेल तर घाबरायचं कारण नाही. पण टोक आत गेलं, ब्रेकच्या लोखंडी नळीवर खड्डे पडलेले दिसले किंवा स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यावर गंजाचे खोल चट्टे असले, तर रंगकाम थांबवा आणि गॅरेज गाठा. अशी खराब झालेली नळी, स्प्रिंग आणि लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) बदलायचेच असतात. बोलेरो, स्कॉर्पिओ अशा वेगळी चेसिस (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा) असलेल्या गाड्यांत कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो, पण हात जाणकाराचा हवा. भोकात पुट्टी भरून वर काळा रंग मारणं म्हणजे गाडीत बसणाऱ्यांच्या जिवाशी खेळणं आहे.

गंज काढणं. सुटे पापुद्रे वायर ब्रशनं आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून काढा. चष्मा, मास्क आणि हातमोजे घाला. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळसर, टिकाऊ थर तयार करतं. स्प्रिंगवर मात्र आम्लाचं औषध नको. कठीण पोलाद त्यानं ठिसूळ होऊ शकतं. तिथे घासून प्राइमर पुरे. कन्व्हर्टर डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका पूर्ण वाळू द्या आणि मग इपॉक्सी किंवा झिंक प्राइमरचे दोन पातळ हात द्या.

कोटिंग. नव्या, स्वच्छ गाडीला रबर किंवा डांबराच्या जातीचं जाड कोटिंग चालतं; खडीच्या माऱ्यापासून ते चांगलं वाचवतं. जुन्या गाडीला मी मेणाच्या जातीचं कोटिंग सुचवेन. ते कडक होऊन तडकत नाही आणि पुढच्या वर्षी वरून पुन्हा मारता येतं. ब्रेकच्या डिस्क, कॅलिपर, सायलेन्सर, शॉकअपचे दांडे, सेन्सर, रबरी बुश आणि निथळण्याची भोकं कागद व टेपनं झाकूनच फवारा मारा. चेसिसच्या पोकळ नळ्यांत आणि दारांखालच्या पट्ट्यांत लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स (पोकळ्यांत मारायचं मेण) सोडा. गंज आतून सुरू होत असल्यानं हे काम बाहेरच्या कोटिंगइतकंच मोलाचं आहे, आणि बहुतेक वेळा तेच राहून जातं.

जळकं ऑइल आणि डिझेल एकत्र करून खाली मारायची जुनी रीत अजून दिसते. ती सोडा. रबरी बुश त्यानं फुगतात, गरम सायलेन्सरजवळ आगीची भीती असते आणि उरलेलं ऑइल विहिरीच्या पाण्यापर्यंत झिरपतं.

पावसाळ्यात चिखलातून आलात की निदान चाकांच्या पोकळ्यांत नळीनं पाणी मारा. गाडी गवतावर उभी करू नका आणि ओली असताना प्लास्टिकचं कव्हर घालू नका. समुद्राचं पाणी चाकांना लागलं असेल तर त्याच दिवशी खालून धुवा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पुन्हा एकदा लिफ्टवर घ्या. कुठे खडीनं कोटिंग उडालं असेल तर तेवढाच तुकडा घासून, प्राइमर लावून झाका.