फ्लाइट डिस्पॅच करण्याआधी हवामान पाहताय? या चुका टाळा

पावसाळ्यात मुंबईकडे निघालेलं विमान अहमदाबादला उतरलं की "हवामानच खराब होतं, कोण काय करणार" असं म्हटलं जातं. पण अनेकदा ते हवामान अंदाजात आधीच लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याने वेळ चुकीची धरलेली असते, नाहीतर आपलं विमान आणि आपला क्रू कोणता हे लक्षात न घेता वाचलेलं असतं. डिस्पॅचला, म्हणजे उड्डाणाचा आराखडा आखून विमान सोडण्याच्या कामाला, नव्याने बसलेल्यांकडून होणाऱ्या चुका बहुतेक या दोनच जागी होतात.

मेटार चांगला, म्हणून निर्धास्त होणं

मेटार ही विमानतळावरच्या आत्ताच्या हवामानाची नोंद. मोठ्या विमानतळांवर ती दर अर्ध्या तासाला येते. दिल्ली–मुंबईचं ब्रीफिंग निघण्याच्या तासभर आधी करत असाल, तर विमान टेकेपर्यंत हातातला मेटार तीन तास शिळा झालेला असतो. १३ मे २०२४ ला मुंबईवर धुळीचं वादळ आलं, तासाभराहून जास्त वेळ उड्डाणं थांबली आणि पंधरा विमानं वळवावी लागली. उन्हाळ्याच्या शेवटी अशी वादळं बघता बघता उभी राहतात. मेटारवरून कल काय आहे तो बघा, पण प्लॅनिंग टॅफवरच, म्हणजे विमानतळाच्या पुढच्या काही तासांच्या हवामान अंदाजावरच, करा.

यूटीसीचा घोळ

यूटीसी, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, माहीत नसलेला डिस्पॅचर सापडणार नाही, तरी घाईत हीच चूक होते. समजा, मुंबईच्या टॅफमध्ये 'टेम्पो ०६१४/०६१८, दृश्यमानता १५०० मीटर, गडगडाटी पाऊस' असं आहे (म्हणजे ६ तारखेला यूटीसी चौदा ते अठरा या काळात अधूनमधून) आणि विमान संध्याकाळी सातला पोहोचणार आहे. चौदा ते अठरा वाचून डोकं सांगतं, सहालाच मोकळं होतंय. प्रत्यक्षात तो काळ आपल्या घड्याळात साडेसात ते साडेअकराचा. ईटीएच्या (पोहोचण्याच्या अपेक्षित वेळेच्या) आगेमागे एक तास धरायचा, म्हणजे सहा ते आठ. शेवटचा अर्धा तास सरळ पावसात जातो. म्हणून ओएफपीवरचा (उड्डाणाच्या आराखड्यावरचा) ईटीए यूटीसीतच वाचा आणि टॅफशी तसाच ताडून पाहा. मधे भारतीय वेळ आणूच नका. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंतच्या फ्लाइटला यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची असते, तीही तपासा.

टेम्पो आणि प्रॉबकडे काणाडोळा

"टेम्पोच आहे, येईल आणि जाईल." हे अर्धंच खरं. टेम्पो म्हणजे प्रत्येक खेप तासाभरापेक्षा कमी आणि सगळ्या मिळून दिलेल्या काळाच्या निम्म्याहून कमी. वरच्या चार तासांच्या टेम्पोत जवळजवळ दोन तास पाऊस बसू शकतो. तेवढं होल्डिंगचं, म्हणजे हवेत घिरट्या घालत थांबण्याचं, इंधन आहे का, हा प्रश्न विचारायचा. प्रॉब ३०चंही, म्हणजे तीस टक्के शक्यतेचंही, तेच. तीसहून कमी शक्यता टॅफमध्ये लिहितच नाहीत. लिहिली आहे म्हणजे हवामानखात्याच्या माणसाने विचार करून लिहिली आहे. ती कुठे धरायची आणि कुठे सोडायची हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं. शंका आली की ते उघडा, शेजारच्याला विचारून भागवू नका.

अल्टरनेट त्याच ढगाखाली

अल्टरनेट म्हणजे ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर जायचा पर्यायी विमानतळ. तो त्याच हवामानात निवडणं, माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. १८ ऑगस्ट २०१५ ला दोह्याहून कोचीला आलेल्या एका बोइंग ७३७ ला दृश्यमानतेअभावी तिथे पुन्हा पुन्हा उतरता आलं नाही. ते तिरुवनंतपुरमला गेलं, तर तिथलीही दृश्यमानता घसरलेली. तिथेही अनेक प्रयत्न झाले, आणि शेवटी ते टेकलं तेव्हा टाक्यांत ठरलेल्या राखीव साठ्याहून खूपच कमी इंधन उरलं होतं. प्रवासी सुखरूप उतरले. पण जवळचा विमानतळ म्हणजे वेगळं हवामान नव्हे, हे त्या दिवशी स्पष्ट दिसलं.

आपल्याकडे जून-जुलैत कमी दाबाचा पट्टा कधी कधी गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत पसरतो. अशा दिवशी मुंबईला गोवा अल्टरनेट देणं म्हणजे एकाच पावसावर दोनदा डाव लावणं. नवी मुंबई तर हाकेच्या अंतरावर. पुण्याला इंधन कमी लागतं हे खरं, पण तो हवाई दलाचा तळ आहे आणि उभं राहायला जागा मोजकीच. मुंबई बंद झाली की सगळ्यांनाच तिथे जायचं असतं. घाटापलीकडचं, आतलं हैदराबाद किंवा नागपूर बघा. मात्र बंगालच्या उपसागरातला कमी दाब विदर्भावर आला असेल तर नागपूरवरही विसंबू नका. जास्तीचं इंधन लागलं तर लागू द्या.

नोटॅम, विमान आणि क्रू बाजूला ठेवून हवामान वाचणं

८०० मीटर दृश्यमानता आयएलएस (रेडिओच्या आधारे विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा) चालू असताना चालून जाते. आयएलएस बंद असल्याचा नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) असेल तर नाही. १ जुलै २०१९ ला मुंबईत एक विमान भर पावसात मुख्य धावपट्टीवरून पुढे गेलं आणि ती पट्टी काही दिवस बंद राहिली. २५०–२७० अंशांवरून येणारा पावसाळी वारा मुख्य धावपट्टी २७ वर जवळपास समोरून लागतो. दुसऱ्या धावपट्टीवर, म्हणजे ३२ वर, तोच पन्नास ते सत्तर अंश तिरका होतो. टॅफ तोच, उत्तर वेगळं.

तसंच दिल्लीचं धुकं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथून बरीच विमानं वळली आणि कॅट-३चं (अगदी कमी दृश्यमानतेत उतरण्याचं) प्रशिक्षण नसलेले वैमानिक ड्यूटीवर का होते, याचा जाब डीजीसीएने (विमान वाहतूक नियामकाने) कंपन्यांना विचारला. धुक्याचा अंदाज दिसला की रोस्टरही बघायचं. विमानाचा वेदर रडार किंवा थ्रस्ट रिव्हर्सर (उतरल्यावर वेग कमी करणारी इंजिनाची यंत्रणा) एमईएलखाली, म्हणजे बिघाड असूनही उड्डाण चालणाऱ्या भागांच्या यादीनुसार, नादुरुस्त सोडलेला असेल, तर गडगडाट आणि ओली धावपट्टी या दोन्हींचा अर्थ बदलतो.

रिलीज झालं, मग विमान लेट झालं

रिलीज म्हणजे उड्डाणाला दिलेली मंजुरी. त्यानंतर दोन तास उशीर म्हणजे ईटीए दोन तास पुढे, आणि टॅफची नवी खिडकी. मधे टॅफ सुधारूनही आलेला असू शकतो. सिग्मेटची (मार्गावरच्या धोकादायक हवामानाच्या इशाऱ्याची) वैधता साधारण चार तासांची, तीही संपलेली असेल. जुन्या कागदावर नवी वेळ टाकून पुढे जाऊ नका. टॅफ, सिग्मेट, नोटॅम पुन्हा काढा, इंधन पुन्हा मोजा, कॅप्टनला फोन करून बदल सांगा. शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला हवेतल्या फ्लाइट्सची नुसती यादी देऊ नका. कोणत्या फ्लाइटचं अल्टरनेट डळमळीत आहे ते आधी सांगा.