जुन्या व्हॅनला दुसरं इंजिन बसवताना

राहण्याजोग्या करून घेतलेल्या आमच्या जुन्या व्हॅनचं इंजिन ऑइल खाऊ लागलं, चढावर ओढेना, तेव्हा ते बदलायचं ठरवलं. सगळे हॉर्सपॉवर विचारत होते. पण पलंग, पाण्याची टाकी, बॅटऱ्या एवढं वजन कायम वाहणाऱ्या गाडीला कमी आरपीएमला (मिनिटाला कमी फेऱ्यांना) मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्त महत्त्वाचा, हे माझं ठाम मत.

म्हणून आधी गिअरचं गणित मांडलं. टायरचा घेर 2.1 मीटर, डिफरन्शियलचं (चाकं फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचं) गुणोत्तर 4.1, टॉप म्हणजे चौथा गिअर 1:1 असेल तर ताशी 80 किलोमीटरला इंजिन साधारण 2600 आरपीएमवर फिरतं. त्यावर 0.8 चा पाचवा गिअर असला की तेच 2100 च्या आत येतं. लांबच्या प्रवासात हा फरक कानांना लगेच कळतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतले, जोडीनेच घेतले. नाहीतर बेल हाउसिंगची (इंजिनला गिअरबॉक्स जोडणाऱ्या कव्हरची) भोकं, क्लच प्लेटचे स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे खाचे), स्टार्टरची जागा, सगळंच जुळवत बसावं लागतं. मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन निवडल्याने ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि सेन्सरच्या वायरिंगची कटकट वाचली. गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब होता, म्हणून प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) कापून बॅलन्स करून घेतला. त्याच्या टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे (वाकूनही फिरणाऱ्या सांध्यांचे) कोन मात्र मी स्वतः मोजले. ते चुकले तर गाडी थरथरते आणि जॉइंट लवकर जातात.